परवा म्हणजे नेमकं कधी?

पत्र:

"मला दोन मुलं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. डिसेंबर लागला की धाकट्याचं एकच पालुपद: 'आई, नाताळ उद्या आहे?' उठल्यावर, दात घासताना, झोपताना. यंदा हौसेनं आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचं, चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर आणलं. रोज एक खिडकी उघडायची, आत एक चॉकलेट. तीन तारखेला संध्याकाळी पाहते तर चोवीसच्या चोवीस खिडक्या सताड उघड्या आणि हा टेबलाखाली. झाडाखाली ठेवलेल्या त्याच्या भेटीचा एक कोपराही नखानं कुरतडलेला. मी भडकले आणि 'आता सांता येणारच नाही' असं बोलून गेले. रात्री तो झोपेत हुंदके देत होता. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी चर्चमधला मध्यरात्रीचा मिस्सा, म्हणजे नाताळची उपासना, होऊन घरी आल्याशिवाय भेटींना कोणी हात लावत नसे, हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाहीच.' मिस्टर म्हणतात, 'दे की एखादी उघडायला, काय बिघडतं?' थोरलीला सांताचं गुपित कळलंय, ती धाकट्याला कधी सांगून टाकेल याची धास्ती वेगळीच. या प्रथा मुलांसाठी आहेत की मुलांना छळायला, असं वाटायला लागलंय. सगळं बंद करून टाकू का?

ता. क. कोपरा फाटलेली भेट नव्या कागदात गुंडाळून ठेवू का?"

उत्तर:

दमलेल्या ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या टेबलाखालच्या पोरापाशी बराच वेळ थांबले. लपला, म्हणजे आपलं चुकलंय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. नियम माहीत असणं आणि तो पाळायचं बळ अंगात असणं, यांच्यामध्ये काही वर्षं जातात. पाच वर्षांचं मूल अजून त्या वाटेच्या सुरुवातीलाच असतं. मला तर वाटतं, दहाव्या-बाराव्या चॉकलेटानंतर त्याला मजाही येत नसणार, पण हात थांबत नसणार. आपलंही होतं तसं. आपण फक्त टेबलाखाली बसत नाही.

आता त्याचा तो प्रश्न. तो उतावीळ आहे म्हणून विचारतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. त्याला खरोखरच कळत नाहीये. या वयात 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' एवढंच पक्कं असतं. 'उद्या' हे एक मोठं पोतं असतं, आत्ता नसलेलं सगळं त्यात जातं. आणि आपण मोठ्यांनी तरी काय मोठे दिवे लावलेत? मराठीत 'परवा' म्हटलं की ते दोन दिवसांमागचंही असतं आणि दोन दिवसांपुढचंही. वाक्याच्या शेवटी 'गेलो' की 'जाणार' हे ऐकल्याशिवाय पत्ता लागत नाही. ज्या भाषेत जाणत्यांची ही गत, तिथे पोराला 'अजून एकवीस दिवस' म्हणणं म्हणजे कधी न पाहिलेल्या गावाचं नाव सांगण्यासारखं आहे. तो मान हलवतो आणि तासाभरानं पुन्हा विचारतो. त्याला दिवस डोळ्यांना दिसायला हवेत, बोटांना लागायला हवेत.

हा प्रश्न फक्त तुमच्या घरात विचारला जातो असंही समजू नका. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिक विखेर्न नावाचे पाद्री निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत असत. नाताळ जवळ आला की ती मुलं त्यांना रोज हेच विचारून भंडावून सोडायची, असं सांगतात. १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक नवी पेटायची. किती पेटल्या आणि किती उरल्या, हे मोजता न येणाऱ्या मुलालाही दिसायचं. आज आपण आगमनकाळात चार मेणबत्त्यांचं जे हिरवं चक्र लावतो, ते त्या चाकाचंच आटोपशीर रूप. त्याच शतकात काही जर्मन घरांत दारावर खडूनं चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. खिडक्यांच्या कॅलेंडरची गोष्टही अशीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेऱ्हार्ट लांग यांनी अशी कॅलेंडरं छापायला घेतली. लहानपणी त्यांच्या आईनं पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटं लावून दिली होती, त्या आठवणीतून.

म्हणजे छळ म्हणता ती प्रथा मुळात तुमच्यासारख्याच कुणा वैतागलेल्या मोठ्या माणसानं काढलेली तोड होती. ती बंद कशाला करायची? फक्त वाटेत तिच्यात एक गोम शिरली, तेवढी काढायला हवी.

खडूची रेघ खाता येत नाही, मेणबत्तीही खाता येत नाही. तुम्ही आणलेल्या कॅलेंडरात मात्र पातळ पुठ्ठ्याच्या आड चोवीस चॉकलेटं होती. ते टांगलं कुठे होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याचा हात पोचेल अशा उंचीवर होतं हे उघड आहे. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांचे मुलांच्या धीरावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. 'आत्ता हवा असेल तर एक खाऊ, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त', असा तो प्रकार. लोकांच्या लक्षात एवढंच राहतं की काही मुलं थांबली आणि काही थांबली नाहीत. त्यातला १९७० सालचा प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. खाऊ समोर ठेवला तेव्हा मुलं सरासरी मिनिटभरच थांबली. तोच नजरेआड ठेवला तेव्हा अकरा मिनिटांच्या आसपास. त्याच वयाची, तशीच मुलं. खाऊ झाकल्याबरोबर ती अचानक गुणी झाली असं थोडंच आहे?

म्हणून पहिली गोष्ट: पुढच्या वर्षी रोजचा खाऊ रोज तुमच्या हातून यावा, आणि उरलेले तेवीस कुठे आहेत हे त्याला दिसू नये. भेटीही तूर्तास कपाटात.

माझी एक फजिती सांगते. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असताना मी दहा डिसेंबरलाच भेटी गुंडाळून झाडाखाली मांडल्या. छान दिसतात म्हणून, खरं कारण तेवढंच. तो रोज दुपारी त्या झाडाखाली पालथा पडायचा, हनुवटी फरशीवर. त्यानं कागद फाडला नाही. पुडक्याला नाक लावलं आणि चिकटपट्टीच्या फटीतून वास घेतला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, मेणाचे खडू आहेत ना?" आणि मी, इतकी हुशार, म्हणाले, "छे! मुळीच नाही." तो काही बोलला नाही. पंचवीस तारखेला कागद काढला, खडूंची पेटी पाहिली आणि आधी माझ्याकडे पाहिलं, खडूंकडे नंतर. ती नजर अजून आठवते. पंधरा दिवस त्यानं स्वतःला आवरलं होतं, आणि त्या पंधरा दिवसांत घरात खोटं बोललेली एकटी मीच होते. "सांगणार नाही, गुपित आहे" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पण 'कपाटात ठेवा' म्हटलं की सासूबाईंचा प्रश्न उरतोच. मग यांना धीर यायचा कधी? प्रश्न रास्त आहे, आणि इथे मला माझंच म्हणणं थोडं सावरून घ्यावं लागेल. २०२२ साली जपान आणि अमेरिकेतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोग मिशेल यांच्याच धर्तीचा, पण खाऊसोबत गुंडाळलेली भेटही होती. अमेरिकेतली मुलं खाऊसाठी चार मिनिटंही धड थांबली नाहीत, भेटीसाठी मात्र जवळजवळ पंधरा मिनिटं थांबली. जपानमध्ये नेमकं उलट. खाऊसाठी पंधरा मिनिटं, भेटीसाठी पाचाच्या आत. संशोधकांनी त्याची संगती सवयीशी लावली. जपानी घरांत आणि शाळांत सगळ्यांच्या पुढ्यात येईपर्यंत जेवायला सुरुवात करायची नाही, हे रोजचं. अमेरिकेत नाताळच्या भेटी झाडाखाली दिवसेंदिवस पडून असतात आणि त्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हे दर वर्षीचं. ज्या गोष्टीसाठी थांबायची घराला सवय, तिथे मूल थांबतं.

तेव्हा सासूबाई म्हणतात ते खरंच असेल. त्यांच्या घरात मुलं थांबत असतील. पण ती धीर घेऊन जन्मली नव्हती. आपल्याआधी मोठी भावंडं, आते-मामेभावंडं थांबताना ती वर्षानुवर्षं पाहत होती. हे त्यांना सांगा, पण 'आई, तुमचं चुकतं' या सुरात नको. उलट विचारा, त्या पाच वर्षांच्या असताना मिश्शाच्या वेळी जाग्या होत्या का? माझी पैज आहे, कुणाच्या तरी खांद्यावर झोपल्या होत्या आणि भेट सकाळीच उघडली होती. पाच वर्षांच्या मुलाला रात्री एक वाजता भेट उघडायला लावली तर जी रडारड होते ती झोपेची असते, तिचं खापर धिरावर फोडू नये. आणि तारखेचं म्हणाल तर ती एकच कधी नव्हती. जर्मनीत चोवीसच्या संध्याकाळी भेटी देतात, स्पेनमध्ये मुलं बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत वाट पाहतात, आणि नेदरलँड्समध्ये संत निकोलस पाच डिसेंबरलाच येऊन जातो. तुमच्या घरात 'थोरलीनं मिश्शानंतर, धाकट्यानं सकाळी उठल्यावर' असं ठरलं तर आभाळ कोसळणार नाही.

आणि भेटी कायम कपाटात नाहीत. यंदा चोवीसच्या संध्याकाळी झाडाखाली आणा, एकच रात्र. पुढच्या वर्षी दोन दिवस आधी. थोरली आज झाडाजवळून सहज जाते ना? तीही एका वर्षात शिकलेली नाही. तिचे पाचव्या वर्षीचे प्रताप आठवून पाहा, तुम्ही विसरला असाल.

मिस्टरांकडे वळते. 'एखादी उघडू दे' याला माझी हरकत नाही. बऱ्याच घरांत चोवीसच्या रात्री एक भेट उघडायची रीत असते, ती छानच आहे. प्रश्न इतकाच की ती भेट मुलाच्या पदरात पडते कशी. आधी ठरवून, सांगून दिली तर ती प्रथा. भोकाड पसरल्यावर दिली तर उद्या भोकाड मोठं होणार, आणि त्यात त्याचा काय दोष? २०१३ सालचा आणखी एक लहानसा प्रयोग आहे, अठ्ठावीसच मुलं होती. आधी चित्र काढताना मोठ्या माणसानं सांगितलं, "थांब, मी याहून चांगलं सामान आणते." निम्म्या मुलांना ते आणून दिलं, निम्म्यांना "अरे, नाहीच आहे" असं सांगितलं. मग खाऊची परीक्षा. शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसलेली तीन मिनिटं. मला ती फसलेली मुलं अधीर वाटत नाहीत, व्यवहारी वाटतात. मोठ्यांच्या बोलण्यावर भरवसा नसेल तर हातात आलेलं खाऊन टाकावं, यात वेडेपणा काय आहे? तेव्हा डिसेंबरभर तुम्ही दोघांनी लहानसहान शब्द पाळा. 'जेवण झाल्यावर मेणबत्ती' म्हटलं तर जेवण झाल्यावर मेणबत्ती, फोन आला तरी.

यावरूनच 'सांता येणार नाही'चं. रागाच्या भरात सुटलेलं वाक्य आहे, कोण आई असं बोललेली नाही? पण ते तसंच लोंबकळत ठेवू नका. तो अजून त्यावर विश्वास ठेवून रात्री झोपतोय. आणि पंचवीसला भेट आली की त्याला कळणार, आई बोलते पण तसं होत नाही. दोन्ही वाईट. आज त्याला जवळ घ्या आणि सरळ सांगा: "मी रागावले होते, म्हणून तसं म्हटलं. ते खरं नाही. नाताळ येणार आहे, तुझी भेटही येणार आहे. चॉकलेटं मात्र संपली, ती पुन्हा येणार नाहीत." शेवटचं वाक्य गाळू नका आणि दया येऊन नवं कॅलेंडरही आणू नका. चोवीस खाल्ली, संपली, हा हिशेब त्याला कळतो. नाताळच हिरावला जाणं हा हिशेब कुणालाच कळणार नाही.

थोरलीची धास्ती मला सगळ्यात कमी वाटते. गुपित कळलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला 'बोलू नकोस हं' असं बजावत राहिलात तर ते तिच्या जिभेवरच नाचत राहणार. तिला कामाला लावा. एखाद्या रात्री धाकटा झोपल्यावर तिला तुमच्याबरोबर बसवा, कात्री तिच्या हातात द्या, चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायला सांगा, भावाची भेट तिला गुंडाळू द्या. कागद वेडावाकडा होईल, होऊ दे. आजवर ती गुपिताच्या बाहेर होती, आता आत आली. आत आलेलं माणूस सहसा फितूर होत नाही.

आणि धाकट्याला रोजचं एक काम हवं. नुसतं थांबणं हे काम फार अवघड आहे, मोठ्यांनाही जमत नाही. मला सगळ्यात आवडणारी एक रीत सांगते. गोठ्याची मांडणी करता ना? बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही, गव्हाण रिकामी. आणि तीन राजे उंटांसकट खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कठड्यावर उभे करायचे. त्यांना फार लांबून यायचंय. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावली की धाकट्यानं त्यांना एक वीत पुढे सरकवायचं. एकच वीत, त्याच्या स्वतःच्या हाताची. कठडा, मग टेबल, मग पुस्तकांची फळी, आणि सहा जानेवारीला गोठ्यापाशी. 'नाताळ उद्या आहे?' असं विचारलं की उत्तर देऊ नका, 'राजे कुठे पोचलेत?' असं विचारा. तो धावत जाऊन बघून येईल. एखाद्या दिवशी चोरून दोन विती सरकवेल, तर ते हसून सोडून द्या, उंट धावले असतील. यात खाऊन संपणारं काही नाही, फाटणारं काही नाही. शिवाय पंचवीस तारखेला भेटी उघडून झाल्यावर मुलांना जी एक उदास पोकळी वाटते, तिच्यातही बारा दिवसांचा प्रवास शिल्लक राहतो.

ते ओरबाडलेलं कॅलेंडर टाकून देऊ नका. उरलेल्या खिडक्यांमागच्या रिकाम्या खळग्यांत बोटभर चिठ्ठ्या मावतात. लिहायचं काम थोरलीचं, घरातल्या प्रत्येकाकडून एकेक गोष्ट मागून घ्यायची: 'आज बाबा गोष्ट सांगणार', 'आज दिवे बंद करून मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं', 'आज आजी तिच्या लहानपणच्या नाताळबद्दल सांगणार'. हे शेवटचं आठवड्यातून दोनदा आलं तरी चालेल. सासूबाईंना आवडेल, आणि त्यांच्या वेळच्या मुलांनी कायकाय कुरतडलं होतं तेही हळूहळू बाहेर पडेल. चिठ्ठी मात्र त्याच सकाळी आत ठेवा, आदल्या दिवशी नको. कारण आता तुम्हाला माहीत आहे.

तुमचं ता. क. राहिलं. नको, नव्या कागदात गुंडाळू नका. कोपरा आहे तसाच राहू दे, त्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, धाकट्याच्या देखत लावा, आणि पुडकं बाकीच्या भेटींबरोबर कपाटात वर ठेवा. पंचवीसला सकाळी तो त्याच कोपऱ्यापासून सुरू करेल.